शॉटगन माइक : घेण्यापूर्वी काय पाहावे?

व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात आपल्या समाजातील बरेच तरुण उतरले आहेत. निकाह-वलीमा, मदरशांचे जलसे, शाळांची स्नेहसंमेलने, शिवाय आता मुलाखती, माहितीपट आणि छोट्या जाहिराती अशी कामे त्यांना मिळतात. कॅमेऱ्यावर ते मोठी रक्कम घालतात. आवाजाची पाळी आली की मात्र उरलेल्या पैशात नळीसारखा एक लांब माइक घेतात, तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात आणि काम झाले असे समजतात. मग घरी बसून पाहताना कळते की चित्र स्वच्छ आहे, पण काझीसाहेबांचा खुतबा पंख्याच्या घरघरीत बुडाला आहे. चित्रातली उणीव दुसऱ्या कॅमेऱ्याच्या दृश्याने झाकता येते. ईजाब-कुबूल मात्र पुन्हा होत नाही. गिऱ्हाईक नाराज झाले की पुढची चार कामे जातात. म्हणून आज आम्ही शॉटगन माइकच्या निवडीविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

नळी काय करते?

पहिला गैरसमज दूर करू. शॉटगन माइक ही आवाजाची दुर्बीण नाही. तो दूरचा आवाज जवळ ओढून आणत नाही, बाजूचे काही आवाज कमी करतो, इतकेच.

या माइकच्या नळीला दोन्ही बाजूंनी फटी असतात आणि आवाज टिपणारी चकती नळीच्या मागच्या टोकाला असते. समोरून येणारा आवाज नळीतून आणि फटींतून एकाच तालात चकतीपर्यंत पोहोचतो. बाजूने येणारा आवाज वेगवेगळ्या फटींतून मागे-पुढे पोहोचतो आणि त्याच्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. परंतु ही किमया नळीच्या लांबीपेक्षा आखूड लहरींवरच चालते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने २५ सेंटिमीटर नळीचा उपयोग साधारण १४०० हर्ट्‌झच्या वरच्या आवाजांवर होतो. १०० हर्ट्‌झची लहर साडेतीन मीटरच्या जवळपास असते. तिला ही नळी अडवू शकत नाही. जनरेटरची घरघर, ट्रकचा घोष, पंख्याचा गुंजारव हे सगळे खालच्या पट्टीचे आवाज, म्हणून ते शॉटगन लावूनही आत येतात.

अंतराचा हिशेब

मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवरचा माइक चार मीटरवर नेला, तर अंतर तीनदा दुप्पट झाले, म्हणजे आवाज १८ डेसिबलने घटला. आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहिला. ही तूट महागडा माइकही भरून काढू शकत नाही. जवळ धरलेला साधा माइक दूरच्या उंची माइकपेक्षा चांगला आवाज देतो.

म्हणून चित्रपटाच्या सेटवर माइक कॅमेऱ्यावर न ठेवता लांब काठीला, म्हणजे बूमला लावतात. बूमवाला तो चौकटीच्या किंचित वर, बोलणाऱ्याच्या डोक्याच्या थोडा पुढे धरतो आणि टोक छातीकडे रोखतो. आपल्याकडे पूर्वी बहुतेक हिंदी चित्रपटांचे संवाद स्टुडिओत पुन्हा भरले जात. २००१ च्या 'लगान'मध्ये चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज वापरला गेला, आणि पुढे ही पद्धत रुळत गेली. तिच्याबरोबर चांगल्या बूमवाल्याची किंमतही वाढली.

बंद हॉलमध्ये दुसरा माइक

शादीखाना, मंगल कार्यालय, टाइल्स लावलेली खोली अशा जागी भिंती आणि छत आवाज परतवतात. तो घुमणारा आवाज शॉटगनच्या फटींतून वेडावाकडा शिरतो आणि माणूस डब्यात बोलल्यासारखा वाटतो. छत जितके खाली तितका हा दोष ठळक. म्हणून खोलीतल्या संवादासाठी जाणकार ध्वनिमुद्रक बिनानळीचा आखूड माइक पसंत करतात. त्याला सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड म्हणतात. जर्मनीच्या शॉप्स कंपनीचा एमके ४१ हा भाग, सेनहायझरचा एमकेएच ५०, जपानच्या ऑडिओ-टेक्निकाचा एटी ४०५३बी हे या जातीचे माइक होत.

निकाहच्या कामात तर याहून सोपा मार्ग आहे. काझीसाहेबांची परवानगी घेऊन कॉलरला छोटा माइक लावावा, किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून सरळ लाइन घ्यावी. जलशातल्या तकरीरीसाठीही हेच करावे. कर्ण्यातून बाहेर पडलेला आवाज शॉटगनने टिपण्यात अर्थ नाही. शॉटगन तेथे श्रोत्यांचा प्रतिसाद टिपायला आणि लाइन बंद पडली तर आधार म्हणून ठेवावा.

तर शॉटगन कोठे शोभतो? उघड्यावर. रस्ता, शेत, बंदर, मैदान, वरात अशा ठिकाणी भिंतींचा त्रास नसतो आणि त्याचा गुण पुरेपूर दिसतो.

वीज कोठून मिळणार?

बहुतेक व्यावसायिक माइकना ४८ व्होल्टची फँटम वीज लागते. ती तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधूनच माइकला मिळते. लहान कॅमेऱ्याचे बारीक छिद्र ही वीज देत नाही. सेनहायझरचा प्रसिद्ध एमकेएच ४१६ फँटमशिवाय मुका आहे. ऑस्ट्रेलियाच्या रोड कंपनीचा एनटीजी २ किंवा सेनहायझरचा एमकेई ६०० हे फँटमवर चालतात, तसेच एका पेन्सिल सेलवरही चालतात. ज्यांच्याकडे एक्सएलआरचा कॅमेरा किंवा वेगळा रेकॉर्डर नाही, त्यांनी सेलवाला माइक आणि योग्य केबल घ्यावी, किंवा फँटम देणारा छोटा रेकॉर्डर आधी घ्यावा.

माइकचा स्वतःचाही एक बारीक सूंऽऽ आवाज असतो. माहितीपत्रकात तो डेसिबलमध्ये दिलेला असतो. आकडा जितका लहान तितका माइक शांत. ४१६ चा आकडा १३ आहे, एनटीजी २ चा १८. वरातीत हा फरक कळत नाही. शांत खोलीत हळू आवाजात बोलणाऱ्या वृद्धाची मुलाखत घेताना तो लगेच कळतो.

दमट हवा आणि वारा

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात साधे कंडेन्सर माइक चुरचुरू लागतात. चकतीवरचा सूक्ष्म विद्युतभार ओलाव्याने गळतो, हे त्याचे कारण. ४१६ मध्ये उच्च कंपनाच्या विद्युतमंडलाची वेगळी रचना आहे, त्यामुळे ओलाव्याचा त्रास फार कमी होतो. रोडचा एनटीजी ३ याच तत्त्वावर चालतो. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी या गुणासाठी जादा पैसे मोजले तर ते वाया जात नाहीत. माइक कोणताही असो, तो सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावा.

वाऱ्याचे संकट याहून मोठे. माइकबरोबर येणारी फोमची टोपी घरातच पुरते. उघड्यावर केसाळ फरचे आवरण हवेच, आणि समुद्रकाठी माइकभोवती पोकळी ठेवणारा पिंजरा व त्यावर फर हवे. वाऱ्याचा धबधब आवाज एकदा मुद्रित झाला की कोणतेही सॉफ्टवेअर तो पुरता काढू शकत नाही.

दुकानात काय तपासावे

नामांकित माइकच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर आणि वॉरंटीसह माल घ्यावा. जुना माइक घेताना हेडफोन लावून पाच मिनिटे ऐकावे. चुरचुर येते का, केबल हलवल्यावर खरखर होते का, ते पाहावे. मग कोणाला तरी बोलत बोलत माइकभोवती फिरायला सांगावे. बाजूला गेल्यावर आवाज नुसता लहान झाला तर ठीक. तो चिरका किंवा पोकळ झाला तर तो माइक संवादाच्या कामाला बेताचाच.

भांडवल कसे लावावे

आमचा सल्ला असा की, सगळी रक्कम एकट्या माइकवर घालू नये. आधी कान झाकणारे चांगले हेडफोन, मग दोन-तीन मीटरची बूम, माइकला धक्के न बसू देणारा रबरी झुला आणि फरचे आवरण घ्यावे. यातून उरेल तेवढ्याचा मध्यम दर्जाचा माइक घ्यावा. महाग माइकसाठी व्याजी कर्जात शिरण्याचे काहीच कारण नाही. मुंबईत ४१६ सारखे माइक दिवसाच्या भाड्याने मिळतात. मोठे काम आले की भाड्याने आणावा, ते भाडे अंदाजपत्रकात दाखवावे. वर्षभरात भाड्याची बेरीज किमतीच्या जवळ जाऊ लागली तर समजावे की विकत घेण्याची वेळ आली.

आवाजाचे काम हा कॅमेऱ्याहून वेगळा हुन्नर आहे, हेही ध्यानात ठेवावे. केरळच्या एका खेड्यातून आलेले रसूल पूकुट्टी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकले आणि २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलिओनेर'च्या ध्वनिमिश्रणासाठी त्यांना दोघा सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. ज्या घरात दोन भाऊ या धंद्यात आहेत, तेथे एकाने कॅमेरा आणि दुसऱ्याने हेडफोन घ्यावा.

शेवटी एक गोष्ट व्यवहाराची. काम ठरवतानाच गिऱ्हाइकाला सांगावे की खुतब्याचा आवाज स्वच्छ हवा असेल तर काझीसाहेबांजवळ माइक लावावा लागेल आणि त्या वेळी जनरेटर दूर ठेवावा लागेल. जे टिपता येणार नाही त्याचे वचन देऊ नये. मापात पाप करू नये हा नियम दुकानदाराच्या तराजूला लागू आहे, तसाच तो आवाज विकणाऱ्यालाही लागू आहे. असा खरेपणा ठेवला तर या धंद्यात बरकत आहे, इन्शाअल्लाह.