सळईवरचे दीड इंच

घरकर्जाच्या फाइलीत काय नसते? पगाराचे दाखले असतात, जामीनदारांच्या सह्या असतात, वकिलाचा सर्च रिपोर्ट असतो, मंजूर नकाशा असतो, व्हॅल्युअरचा शिक्का असतो. बँकेत अधिकारी म्हणून उमेदीची वर्षे काढताना अशा किती फाइली हाताखालून गेल्या, याची गणती नाही. कर्जदाराचे वय, नोकरीची उरलेली वर्षे, हप्त्याचे पगाराशी प्रमाण हे सारे काटेकोरपणे तपासले जाई. पण ज्या वास्तूच्या तारणावर हा व्यवहार उभा, तिच्या पोटातल्या लोखंडी सळईवर काँक्रीटचा थर किती जाडीचा आहे, हे सांगणारा कागद कोणत्याच फाइलीत नसे. तो मागण्याची पद्धतच नव्हती.

आणि घराचे आयुष्य तर त्या थरावर अवलंबून असते!

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदाच एवढी मोठी खरेदी करतो. वीस वर्षे हप्ते भरतो. शेवटचा हप्ता भरून घराची कागदपत्रे सोडवून आणतो, तेव्हा निवृत्ती दाराशी आलेली असते. नेमक्या त्याच सुमाराला स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा खाली येतो. वर पाहावे, तर तांबूस सळई उघडी पडलेली. मग सोसायटीच्या सभेत वादावादी होते. कोणी म्हणतो, बिल्डरने सिमेंट खाल्ले. कोणी वरच्या मजल्यावरच्या बाथरूमकडे बोट दाखवतो. दोघांच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य असतेही. पण त्या पोपड्यामागची खरी हकीकत याहून मोठी आहे, आणि पदार्थांच्या टिकाऊपणावर संशोधन करणाऱ्यांनी ती बरीचशी उलगडली आहे.

जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे १८६७ साली जोसेफ मोनिये या फ्रेंच माळ्याने झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालण्याचे पेटंट मिळवले. काँक्रीट दाब सोसते, पण ताण सोसत नाही. लोखंड ताण सोसते. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढले आणि कुंडीतून निघालेला हा संसार पुढे गगनचुंबी इमारतींपर्यंत पोहोचला.

या लग्नात पत्रिकाही छान जुळली. उन्हाने दोघे जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, थंडीने सारखेच आकसतात. त्यामुळे एकमेकांपासून सुटत नाहीत. दुसरा योग त्याहून मोलाचा. सिमेंटमध्ये पाणी पडले की जो चुना तयार होतो, त्यामुळे काँक्रीट आतून तीव्र अल्कधर्मी राहते. अशा वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा दहाहजारावा हिस्सा, एवढा तो पातळ. पण तो शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही.

हे कवच मोडणारे शत्रू दोन. पहिला हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि काँक्रीटची अल्कता घालवतो. दुसरा शत्रू मीठ. समुद्राच्या वाऱ्याबरोबर, कधी न धुतलेल्या खाडीच्या वाळूबरोबर आलेले क्लोराइड त्या पापुद्र्याला जागोजाग भोके पाडते. एकदा कवच गेले की ओल आणि हवा आपले काम सुरू करतात. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. आतल्या आत फुगणाऱ्या सळईपुढे काँक्रीटचा निभाव लागत नाही. आधी सळईच्या रेषेत चीर पडते, मग पोपडा सुटतो. म्हणजे पोपडा हे दुखणे नव्हे. आत कित्येक वर्षे चाललेल्या दुखण्याचे ते उशिरा दिसलेले लक्षण आहे.

आता बँकवाल्यांना विशेष कळावा असा हिशेब. कार्बन डायऑक्साइडची आत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे अभ्यासकांना आढळले आहे. ऐकायला रूक्ष वाटते. अर्थ मात्र थेट घरात शिरणारा आहे. समजा, एखाद्या काँक्रीटमध्ये ४० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दीड इंच, आत जायला या वायूला ६० वर्षे लागतात. मग २० मिलिमीटर जायला किती? तुम्ही-आम्ही म्हणू, ३०. उत्तर आहे १५! आच्छादन निम्मे केले की मुदत निम्मी होत नाही, पावपट होते. चक्रवाढ व्याजाने बुडालेली घरे आपण पाहिली आहेत. हा तसाच, पण डोळ्यांना न दिसणारा हिशेब.

छत आधी का पडते, याचाही उलगडा येथेच होतो. भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत साध्या परिस्थितीतल्या स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिलिमीटर काँक्रीट पुरेसे मानले होते. कॉलमला ४० होते. सन २००० च्या आवृत्तीत टिकाऊपणाला मोठे स्थान मिळाले. हवामानाची तीव्रता पाहून आच्छादन ठरू लागले: सौम्य परिस्थितीत २०, मध्यम असेल तर ३०, उघड्या किनारी हवेसारख्या तीव्र परिस्थितीत ४५ मिलिमीटर. म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींचे स्लॅब नियम पाळूनही पातळ पांघरुणावर निजलेले आहेत. नियमाच्या कागदावरचे मिलिमीटर प्रत्यक्षात उतरतातच असेही नाही. सळईखाली ठरावीक जाडीचे कव्हर ब्लॉक ठेवायचे असतात. तेथे हाताला लागलेला खडीचा तुकडा सरकवला जातो. काँक्रीट ओतताना माणसे जाळीवरून घमेली घेऊन चालतात आणि सळई दबून फळीला टेकते. सेंट्रिंग काढल्यावर खालून गिलावा बसला, की दीड इंच होते की अर्धा, हे कोणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. शिकागोच्या ड्यूफ अब्रॅम्स या संशोधकाने १९१८ साली दाखवून दिले, की काँक्रीटचे बळ मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. पाणी जितके जास्त, तितके बळ कमी. सिमेंटशी संयोग पावून उरलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे छिद्रांचे जाळे राहते. त्याच वाटांनी हवा आणि मीठ आत येतात. किनारी हवेत मानकानुसार ५० किलोच्या गोणीला साधारण साडेबावीस लिटर पाणी, तेही वाळूतला ओलावा धरून. पण घट्ट कालवण पसरायला जड जाते. ‘टाक रे अजून एक बादली’ या एका वाक्याने इमारतीची किती वर्षे वाहून जातात, हे बादली ओतणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. ओतून झाल्यावर मात्र हेच पाणी औषध होते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख किंवा मळी मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल टिकवावी, असे मानक सांगते. आधी नको तिथे पाणी आणि नंतर हवे तिथे कोरडे, असा आपल्याकडचा उलटा न्याय.

या शत्रूची ताकद आपण जवळून पाहिली आहे. पणजीचा मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा त्याला जेमतेम दीड दशक झाले होते. खाऱ्या हवेत त्याच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. वाशीच्या पहिल्या खाडीपुलातल्या तारांनाही गंजाने गाठले, आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

संशोधक अर्थातच स्वस्थ बसलेले नाहीत. तामिळनाडूत कराईकुडी येथे विद्युत-रसायनशास्त्राची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिचे मंडपमच्या किनाऱ्यावर केंद्र आहे. तेथे धातूंचे नमुने खाऱ्या वाऱ्यात ठेवून ते कसे झिजतात, याची नोंद ठेवली जाते. औष्णिक वीजकेंद्रांतली राख आणि पोलाद कारखान्यांतली मळी एके काळी निव्वळ कचरा होती. सिमेंटमध्ये मिसळली, की ती चुन्याशी संयोग पावून छिद्रे बुजवते आणि मिठाची वाट अडवते, असे दिसून आले. लोझानच्या कॅरन स्क्रिव्हनर यांच्या पुढाकाराने, दिल्ली आणि मद्रास आयआयटीतल्या संशोधकांच्या साथीने, भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेले सिमेंट तयार झाले. त्याचे भारतीय मानक २०२३ साली निघाले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट येथे हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये सुप्त जिवाणू आणि त्यांचे खाद्य मिसळले. चीर पडून पाणी आत गेले की जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करून चीर बुजवतात!

अशा वेळी आपल्याकडे हटकून कोणी म्हणतो, जुन्यांना सगळे ठाऊक होते. ते म्हणणे तपासून घ्यावे. रोमच्या पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट जवळजवळ १,९०० वर्षे उभा आहे. एमआयटीच्या अभ्यासकांनी २०२३ साली मांडले, की रोमन काँक्रीटमधले चुन्याचे पांढरे खडे पाणी लागताच विरघळून चिरा भरून काढतात. पण आणखी एक साधी गोष्ट विसरू नये: त्या घुमटात लोखंडी सळईच नाही, मग गंजणार काय? आपल्या किल्ल्यांच्या चुन्याच्या बांधकामालाही हेच लागू. दिल्लीचा लोहस्तंभ मात्र लोखंडाचाच, आणि सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर. कानपूर आयआयटीचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचे रहस्य सांगितले: त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यातून पृष्ठभागावर संरक्षक थर धरला आहे. चमत्कार येथेही नाही. आहे तो पुन्हा एक पातळ पापुद्रा.

मग एवढे ज्ञान असताना आपली घरे लवकर का थकतात? उत्तर हिशेबात आहे. डी सिटर या डच अभियंत्याने १९८४ साली पाचपटीचा नियम मांडला. आराखडा आणि बांधकाम नीट करण्यासाठी जो रुपया लागतो, तो वाचवला तर वेळीच देखभाल करताना पाच रुपये लागतात. ती टाळली तर दुरुस्तीला पंचवीस, आणि तीही पुढे ढकलली तर सव्वाशे. ढोबळ नियम आहे. पण त्यातली मेख अशी, की रुपया वाचवणारा एक असतो आणि सव्वाशे भरणारा दुसराच. बांधणारा निघून गेलेला असतो. भरणारा पेन्शनीत असतो.

आणि कधी कधी केवळ पैशांवर भागत नाही. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर सर्फसाइड येथे १९८१ साली बांधलेली बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे कोसळली; ९८ माणसे गेली. तलावाभोवतीच्या स्लॅबचे मोठे नुकसान झाल्याचे अभियंत्याने २०१८ सालीच लिहून दिले होते. पुढची वर्षे खर्च कोणी किती उचलायचा, या वादात गेली. कोसळण्यामागे मूळ आराखड्यातले दोषही पुढे आले. पण अहवाल हाती असताना सभेत चाललेली ती घासाघीस वाचताना आपल्याच सोसायटीचे इतिवृत्त वाचतो आहोत असे वाटते.

आपल्याकडे नियम आहेत. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. त्या तपासणीतली एक चाचणी तर आपण शाळेत केलेली आहे. काँक्रीटचा ताजा भंग करून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. जेथे गुलाबी रंग येतो, तेथे अल्क शाबूत आहे; जेथे रंग येत नाही, तेथपर्यंत कार्बन डायऑक्साइड पोहोचला आहे. रंगाची कड सळईच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे सभेतल्या प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. अहवालातला बोजड मजकूर समजला नाही, तरी गुलाबी रंग सगळ्यांना समजतो.

दुरुस्ती करतानाही हे भान हवे. गंजलेल्या सळईवर नुसता गिलावा फासणे म्हणजे तापलेल्या कपाळावर पावडर लावणे. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, गंज साफ करून, गळती थांबवून मगच नवा थर द्यावा लागतो. हे महाग पडते. आणखी पाच वर्षांनी अधिक महाग पडते.

शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. खाऱ्या पाण्यात उभा राहूनही तो शंभर वर्षे टिकावा, असा हिशेब धरून त्याची रचना केली आहे. म्हणजे मागितले तर शंभर वर्षांचे काँक्रीट देणारे शास्त्र याच शहरात, याच हवेत उपलब्ध आहे. पुलासाठी ते मागितले गेले. चारशे-पाचशे चौरस फुटांच्या घरासाठी ते कोणी मागत नाही.

नवे घर घेताना आपण पार्किंग विचारतो, लिफ्ट कोणत्या कंपनीची ते विचारतो, फरशीचा रंग दोनदा बदलून घेतो. त्या यादीत आणखी तीन प्रश्न घालावेत: सळईवर आच्छादन किती, गोणीला पाणी किती, आणि स्लॅबवर पाणी किती दिवस ठेवले? उत्तर लेखी मागावे. विकणारा पहिल्यांदा हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर हसणार नाही, आणि बँकांनी विचारले तर उत्तराचा कागद फाइलीत आपोआप येऊन पडेल.