डर्ट बाईकच्या एअर फिल्टरची स्वच्छता व वापरलेल्या द्रावकाची विल्हेवाट

डर्ट बाईकच्या एअर फिल्टरची स्वच्छता हा विषय वरकरणी गॅरेजपुरता मर्यादित वाटतो. परंतु फिल्टरमधील तेल व धूळ धुण्याने नष्ट होत नाहीत; ती केवळ द्रावकात उतरतात. ते द्रावक पुढे कोठे जाते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे त्याचाच विचार केला आहे.

रस्त्यावरील दुचाकीत बहुधा कागदी फिल्टर असतो, डर्ट बाईकमध्ये पॉलियुरेथेन फोमचा. फोमची छिद्रे मोठी असल्याने धूळ अडविण्याचे खरे काम त्यात मुरविलेले चिकट तेल करते. मातीतील क्वार्ट्‌झचे कण लोखंडाहून कठीण असतात. ते सिलिंडरमध्ये शिरल्यास पिस्टनच्या रिंगा झिजतात.

हे तेल नुसत्या पाण्याने निघत नाही. आपल्याकडे त्यासाठी सर्रास पेट्रोल वापरले जाते. ते सर्वथा अयोग्य होय. पेट्रोलने फोमच्या सांध्यांचा डिंक सुटतो, त्यातील बेंझीन हे कर्करोगकारक आहे आणि त्याची वाफ सुमारे उणे ४० अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरून दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. रॉकेलच्या बाबतीत ही मर्यादा साधारणतः ३५ अंशांच्या वर असते. ते तुलनेने बरे. तथापि विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी हा फरक फारसा उरत नाही, हे विसरता कामा नये. उत्पादकाने सुचविलेले फिल्टर क्लीनर केव्हाही श्रेयस्कर.

फिल्टर धुताना तो पिळू नये, तळहातांत दाबावा. पिळल्यास फोम फाटतो. हातमोजे घालावेत. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून पुन्हा तेल लावावे.

खरा प्रश्न यानंतर उरतो. गढूळ द्रावक झाकणाच्या धातूच्या डब्यात एक-दोन दिवस स्थिर ठेवल्यास माती तळाशी बसते. वरचे द्रव हलकेच ओतून घेतल्यास पुढील वेळच्या पहिल्या धुण्यास ते चालते, आणि ताजे द्रावक दुसऱ्या धुण्यापुरते थोडेच लागते. अशा रीतीने कचऱ्याचे प्रमाणच घटते, आणि माझ्या मते विल्हेवाटीचा हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तळाचा गाळ व निकामी द्रावक गटारात, मातीत वा घंटागाडीत टाकू नये. उघड्यावर उडून जाऊ देणे हीदेखील विल्हेवाट नव्हे. घातक व इतर अपशिष्टांविषयीच्या २०१६ च्या नियमांत औद्योगिक वापरातील निकामी द्रावकांचा घातक अपशिष्टांत समावेश आहे. घरगुती अर्धा लिटर त्या यादीबाहेर पडत असला, तरी त्याचे रसायन तेच असते. म्हणून डब्यावर नाव व दिनांक लिहून तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत संकलकाकडे कचरा देणाऱ्या गॅरेजमार्फत द्यावा. तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशा अपशिष्टांची सामायिक प्रक्रिया केंद्रे आहेत. मात्र इंजिनच्या वापरलेल्या तेलात हे द्रावक मिसळू नये. अशा मिश्रणाचे पुनःशुद्धीकरण कठीण होते आणि संकलक ते नाकारू शकतो.