तांबड्या पोशाखातला मनुएल

श्रीमंतांच्या मुलांची जुनी चित्रे मला सहसा आवडत नाहीत. मखमल, जरतार, रेशमी फिती यांची चित्रकाराने अगदी मन लावून बडदास्त ठेवलेली असते आणि त्या गर्दीत मूल तेवढे हरवलेले असते! पण स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने काढलेले छोट्या मनुएलचे चित्र मात्र याला अपवाद आहे. त्याची छापील प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली गेली कित्येक वर्षे आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी म्हणतो, “काय गोड पोरगा आहे हो!” आणि मग थोडा थबकून विचारतो, “पण ही मांजरे कशाला?”

मनुएल ओसोरियो हा आल्तामीराच्या काउंटचा मुलगा. जन्म एप्रिल १७८४चा. बाप स्पेनमधल्या बड्या सरदारांपैकी एक, शिवाय माद्रिदच्या सान कार्लोस बँकेचा संचालक. त्या बँकेसाठी गोयाने आधी काउंटचे चित्र काढले होते. मग घरच्या मंडळींची चित्रे काढण्याचे कामही त्याच्याकडेच आले. १७८७-८८च्या सुमारास मनुएलची पाळी आली, तेव्हा तो जेमतेम तीन-चार वर्षांचा होता.

चित्रात तो समोर उभा आहे. अंगात डोळ्यांत भरणारा तांबडा पोशाख, गळ्याशी नाजूक लेस, कमरेला रुंद रुपेरी पट्टा. दिवाळीला नवे कपडे घालून ‘हलू नकोस हं’ अशी ताकीद मिळालेले मूल जसे उभे राहील, तसाच! त्याच्या हातात एक दोरी आहे. दोरीचे दुसरे टोक कावळ्याच्या जातीतल्या एका काळ्या-पांढऱ्या पाळीव पक्ष्याच्या पायाला बांधले आहे. त्या पक्ष्याच्या चोचीत गोयाचे नाव असलेले कार्ड आहे. चित्रकाराने सही करण्याची युक्ती तर मोठी मजेदार काढली! उजवीकडे पिंजऱ्यात चिमुकले पक्षी आहेत. आणि डावीकडे, अंधारात, तीन मांजरे. दोघींची नजर त्या दोरीच्या पक्ष्यावर खिळलेली. तिसरी काळोखात अशी बुडाली आहे, की तिचे डोळेच काय ते दिसतात.

जाणकारांनी याचे अर्थ लावले आहेत. पिंजऱ्यातले पक्षी म्हणजे बालपणाचे निष्पापपण आणि मांजरे म्हणजे टपून बसलेले अरिष्ट. विद्यार्थ्यांना कवितेतली प्रतीके उलगडून दाखवण्यात माझी वीस वर्षे गेली. तरी मला वाटते, ही मांजरे प्रतीक नसून साधी मांजरेच आहेत आणि म्हणूनच त्यांची भीती वाटते. ती कुणाच्याही घरात असू शकतात. मनुएलचे त्यांच्याकडे लक्षसुद्धा नाही. आपल्या हातात दोरी आहे, एवढ्यावर तो निश्चिंत आहे.

१२ जून १७९२ रोजी मनुएल वारला. वय वर्षे आठ.

हे कळल्यावर मांजरांकडे पाहण्याची आपली नजरच बदलते. ‘चित्रकाराला पुढचे दिसले होते,’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. गोया भविष्यवेत्ता नव्हता. तो बाप होता. मनुएल जन्मला त्याच १७८४ साली गोयाच्या घरी हावियेर नावाचा मुलगा जन्मला. गोयाची बाकीची सगळी मुले लहानपणीच गेली. मोठा झाला तो एकटा हावियेर. तेव्हा समोर उभ्या असलेल्या त्या पोराकडे पाहताना चाळिशी ओलांडलेल्या या चित्रकाराच्या मनात घरचा तेवढाच मुलगा आला नसेल काय? त्या काळी देवी, गोवर, ताप हे सरदाराचा वाडा आणि चिताऱ्याचे घर असा भेद करीत नसत. पैशाने लेस मिळे, रेशीम मिळे, राजाचा चित्रकारही मिळे. मुलाचे आयुष्य तेवढे मिळत नसे.

आपल्याकडे नटवलेल्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून आई गालावर काजळाचा ठिपका लावते. सौंदर्यात मुद्दाम ठेवलेले ते एक उणे. गोयाला आपली ही रीत कुठून ठाऊक असणार! पण त्या तांबड्या झळाळीच्या शेजारी त्याने कोपऱ्यात ठेवलेला काळोख पाहिला, की मला त्या तिटेचीच आठवण होते. भीती नाकारायची नाही. ती चित्रात आणून बसवायची आणि मुलाला मात्र उजेडात ठेवायचे.

पुढे आल्तामीरा घराण्याची चित्रे दूरदूर पांगली. मनुएल १९४९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आला. मांडीवर तान्ही मुलगी घेऊन बसलेल्या त्याच्या आईचे गोयानेच काढलेले चित्रही पुढे त्याच संग्रहालयात आले. २०१४ साली तेथे या कुटुंबाची चित्रे एकत्र मांडण्यात आली. बापाचे चित्र त्यासाठी माद्रिदहून आणले होते. सव्वादोनशे वर्षांनी का होईना, आई, बाप आणि मुलगा पुन्हा एका छपराखाली आले. मांजरेही होतीच, पण पक्षी अजून त्यांच्या तावडीत सापडलेला नाही.