चित्रवाणीवरचा निवेदक : त्याची कला आणि त्याची जबाबदारी

व्याख्यानाला येणाऱ्या मंडळींना चांगला वक्ता कसा असतो हे सांगायला नको. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या श्रोत्यांनी कितीतरी वक्ते ऐकले, तोलले आणि प्रसंगी नापासही केले. परंतु बोलणे हाच ज्याचा व्यवसाय अशी आणखी एक व्यक्ती आता आपल्या रोजच्या परिचयाची झाली आहे. ती म्हणजे चित्रवाणीवरचा निवेदक. तो नीटनेटका दिसतो, बोलताना अडखळत नाही, एवढ्यावरच आपण बहुधा त्याची परीक्षा आटोपती घेतो. त्याचे खरे गुण कोणते आणि ते कोठे कसोटीला लागतात, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहो.

वक्ता आणि निवेदक यांच्यातला पहिला भेद श्रोत्यांचा आहे. सभेत हजार माणसे एकत्र बसलेली असतात. एका कोपऱ्यात हशा पिकला की तो मांडवभर पसरतो, आणि त्या लाटेवर वक्त्याचा आवाज चढत जातो. निवेदकापुढे असते ती कॅमेऱ्याची काच. त्याला पाहणारे लाखांनी मोजावे इतके असले, तरी एका घरात ते दोघे-तिघेच असतात. कोणी जेवत असतो, कोणी भाजी निवडत असते. सभा गाजवणारा आवाज त्या खोलीत शिरला तर पाहुणा दारातूनच ओरडत आल्यासारखे होते. ध्वनिग्राहक निवेदकाच्या छातीवरच लावलेला असतो, त्यामुळे आवाज मोठा करण्याचे त्याला कारणही नसते. एका माणसाशी बोलावे तसे लाखांशी बोलणे ही त्याची पहिली साधना होय.

दुसरी साधना डोळ्यांची आणि कानांची. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे ही नावे मराठी घरांत पोचली ती तेथील बातम्यांमुळे. त्या काळी बातम्यांचे कागद वाचणाऱ्याच्या हाती असत. नजर कागदावर टाकायची, एक वाक्यखंड मनात उचलून घ्यायचा, मान वर करून तो प्रेक्षकाला सांगायचा आणि पुन्हा नेमकी पुढची ओळ गाठायची, अशी ती कसरत होती. पुढे टेलिप्रॉम्प्टर आला. त्यात कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक काच तिरपी बसवलेली असते. तिच्यावर मजकुराचे प्रतिबिंब निवेदकाला दिसते, आणि काचेपलीकडच्या भिंगाला मात्र त्याचा चेहराच दिसतो. मान खाली घालण्याचे कष्ट वाचले, पण नवाच धोका आला. वाक्याचा अर्थ मनात न घेता नुसती अक्षरे वाचली, तर बुबुळे डावीकडून उजवीकडे फिरताना प्रेक्षक पाहतो आणि हा माणूस आपल्याशी बोलत नाही हे ओळखतो. शिवाय त्याच वेळी निवेदकाच्या कानातल्या लहानशा यंत्रातून निर्मात्याच्या सूचना येत असतात: वीस सेकंद उरले, पाहुणे आलेले नाहीत, पुढची बातमी गाळा. कानाने एक ऐकत तोंडाने दुसरेच शांतपणे बोलणे हे अभ्यासानेच साधते.

उच्चाराविषयी मराठी निवेदकाला विशेष जपावे लागते. आपली लिपी ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार वेगळे दाखवत नाही. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य ही दोन्ही सारखीच लिहिली जातात. फरक फक्त जिभेला ठाऊक असतो. गावांची आणि माणसांची नावे तर आधी विचारूनच घ्यावी लागतात. आपल्या गावाचे नाव कोणी चुकीचे उच्चारले तर तेथल्या माणसाला वाटते, याला आमची खबरही नाही आणि कदरही नाही. त्याचे वाटणे खोटे म्हणवत नाही.

तथापि या साऱ्या कौशल्यांच्या मुळाशी पूर्वतयारी आहे, आणि तयारी पुरी झाली म्हणजेच गप्प राहता येते. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाचा सोहळा बीबीसीने दाखवला. वेस्टमिन्स्टर ॲबीतून रिचर्ड डिंबलबी त्याचे निवेदन करीत होते. त्यांच्या कसून केलेल्या अभ्यासाची ख्याती होती. पण डोळ्यांना जे दिसत आहे ते पुन्हा शब्दांनी सांगायचे नाही, हा विवेकही त्यांच्यापाशी होता. नभोवाणीवर मौन म्हणजे पोकळी. चित्रवाणीवर तेच मौन चित्राला बोलू देते. डेव्हिड ॲटनबरो यांचे उदाहरणही असेच आहे. १९७९ साली प्रसारित झालेल्या ‘लाइफ ऑन अर्थ’ या मालिकेसाठी रवांडाच्या डोंगरात ते अंगठ्याच्या रचनेविषयी बोलणार होते. प्रत्यक्षात गोरिला अगदी जवळ आले. तेव्हा ठरवलेले भाषण बाजूला ठेवून, त्या प्राण्याच्या नजरेत नजर मिळाल्यावर काय वाटते तेवढेच ते हलक्या आवाजात सांगत राहिले. विषय समोर आला की आपण मागे सरायचे, हे ज्याला कळते तो निवेदक खरा.

आता सर्वांत अवघड गुणाकडे वळू. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सीबीएस वाहिनीवर वॉल्टर क्रॉन्काइट बातम्या देत होते. अध्यक्षांचा मृत्यू झाल्याचे वृत्त निरनिराळ्या मार्गांनी त्यांच्यापर्यंत येऊ लागले. त्यांनी ते लपवले नाही, पण याला अधिकृत दुजोरा नाही हे ते प्रेक्षकांना बजावत राहिले. दुजोरा देणारा कागद हाती आला तेव्हा त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, घड्याळाकडे पाहून मृत्यूला ३८ मिनिटे झाल्याचे सांगितले, आणि क्षणभर त्यांना बोलवेना. लोकांना तो क्षण आठवतो. आम्हाला मात्र त्याआधीची मिनिटे अधिक मोलाची वाटतात. कळले किती आणि खात्री किती, याचा हिशेब त्यांनी प्रेक्षकांपुढे उघडा ठेवला होता.

तपासण्यासाठी थांबणे वेगळे आणि दडवण्यासाठी थांबणे वेगळे, हेही येथे सांगितले पाहिजे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्यावर सकाळी हल्ला झाला. सरकारी प्रसारणाने मृत्यूची घोषणा केली ती संध्याकाळी. तोवर परदेशी नभोवाणीवरून ही वार्ता अनेकांना कळली होती. त्या संध्याकाळी दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी ती बातमी दिली. निवेदकाचा आवाज कितीही संयत असो, त्याच्यामागची संस्था बोलती नसेल तर लोक दुसरीकडे कान लावतात. म्हणजे निवेदकावरचा विश्वास एकट्याच्या गुणांवर उभा राहत नाही; संस्थेच्या धैर्याचाही त्यात वाटा असतो.

आज वाहिन्या पुष्कळ झाल्या, आणि आधी कोण सांगतो यासाठी चढाओढ चालते. काही ठिकाणी निवेदक पाहुण्याला प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. अशा वेळी प्रेक्षकाच्या हाती एक साधी कसोटी आहे. कार्यक्रम संपल्यावर आपल्याला विषय आठवतो की निवेदक, हे मनाशी पाहावे; आणि न कळलेल्या गोष्टीला त्याने ‘अजून कळलेले नाही’ असे म्हटले होते का, हेही आठवावे. व्यासपीठावरच्या वक्त्यांना घडवण्यात श्रोत्यांचाही हात असतो. निवेदकांच्या बाबतीत ते काम आपण घरात बसूनच करायचे आहे.