सम्राज्ञीची बिदागी

मोशीवरून चाकणकडे जाणारा नाशिक रस्ता आज कारखान्यांच्या मालमोटारींनी गजबजलेला असतो. हाच रस्ता राजगुरुनगर व मंचर मागे टाकून नारायणगावास पोचतो. तेथे यात्रांच्या हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात व गावोगावचे पंच सुपारी देण्यास जमतात. वग कोणता, ढोलकीस कोण, हे विचारणारे थोडे; पुढे नाचणार कोण, हे विचारणारे फार.

कलावतीचे हे वेड एकट्या आमच्याच समाजास आहे असे नव्हे. इटलीत संगीतनाटकातील थोर गायिकेस ‘दीवा’ म्हणतात. तो शब्द आपल्या ‘देवी’चाच दूरचा आप्त होय. परंतु देवी म्हटल्याने रसिकांची एक मोठी सोय होते. देवीस भूक नसते, दुखणे नसते, म्हातारपण तर नसतेच.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ह्यांचे चरित्र पाहावे. जन्म 1935 सालचा, पंढरपूरचा. भाऊ-बापूंचा फड घरचाच. 1957 व 1990 असा दोनदा त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि लोकांनी त्यांस ‘तमाशासम्राज्ञी’ म्हटले. त्यांच्याविषयी सर्वांत अधिक सांगितली जाणारी गोष्ट अशी की, दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. मध्येच कळा आल्या. आत जाऊन त्या प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचावयास सज्ज झाल्या. प्रेक्षकांना प्रकार कळताच त्यांनीच खेळ थांबविला म्हणतात, आणि हे त्यांस भूषणावह खरेच. पण आम्ही ही गोष्ट केवळ बाईंच्या धैर्याची म्हणून ऐकतो. अशा अवस्थेत त्यांना त्या रात्री उभे का राहावे लागले, सुपारी मोडती तर फडातील किती चुली विझत्या, हा हिशेब कोणी मांडीत नाही.

नाटकाचे रसिकही ह्यातून सुटलेले नाहीत. 1911 साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची मुलगी वारली, प्रयोग मात्र झाला. हीही कथा आम्ही अभिमानाने सांगतो. दोन्हीकडे दुःख कलावंताचे आणि समाधान आमचे! फरक इतकाच की, गंधर्वांस पांढरपेशांनी आपल्या दिवाणखान्यात बसविले. तमाशातील बाईस रात्री डोक्यावर घेतले आणि सकाळी वेशीबाहेर ठेवले.

15 जानेवारी 2002 रोजी विठाबाई वारल्या. अखेरचे दिवस हलाखीचे गेले. रुग्णालयाचे देणे दात्यांच्या मदतीने फिटले. पुढे 2006 मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार योग्यच; पण ज्यांच्या नावावर यात्रेची गर्दी जमे, त्यांच्या औषधपाण्यासाठी शेवटी लोकांपुढे हात पसरण्याची पाळी यावी, ह्याची लाज पुरस्काराने झाकत नाही.

यात्रेस वर्गणी देणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस एक विचारतो. मालाच्या सौद्यास तुम्ही कागद करता. कारखान्यातील कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा हप्ताही मुकाट्याने भरता. मग फडाच्या करारात, बाई आजारी वा गरोदर असल्याने नाचली नाही तर बिदागी कापू नये, एवढे कलम घालण्यास अडचण कोणती? बिदागीवर थोडी रक्कम चढवून ती फडातील बायांच्या म्हातारपणासाठी त्यांच्याच नावे ठेवली, तर यात्रेची शोभा कमी होईल काय? वर्गणी तुमची आहे, म्हणून अटही तुम्हांसच घालता येईल. येत्या हंगामात पंच नारायणगावास निघतील तेव्हा हा मजकूर कागदावर उतरवून त्यांच्या हाती द्यावा.