मधुमेही मांजर दत्तक घेताना

मांजरांचा मधुमेह माणसाच्या टाईप 2 मधुमेहाशी बराच मिळताजुळता असतो. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, पण स्नायू, यकृत आणि चरबी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. मग बीटा पेशींवर अधिकाधिक इन्सुलिन तयार करण्याचा ताण पडतो आणि त्या हळूहळू निकामी होतात. याच पेशींतून स्रवणाऱ्या अ‍ॅमिलिन या प्रथिनाचे तंतू मांजरांच्या स्वादुपिंडात साचतात आणि हानीत भर घालतात. मध्यम वय ओलांडलेली, लठ्ठ, दिवसभर घरातच असणारी मांजरे आणि विशेषतः नसबंदी झालेले बोके यांना या आजाराचा धोका जास्त असतो. स्टेरॉइडच्या औषधांमुळेही तो उद्भवू शकतो.

रक्तातील साखर दर डेसिलिटरला साधारण 250 ते 300 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती पूर्णपणे परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणीही ओढून नेते. म्हणून मांजर वारंवार लघवी करते, सारखे पाणी पिते आणि भरपूर खाऊनही रोडावते. काहींच्या मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात. एरवी बोटांवर चालणारे मांजर मग टाचा जमिनीला टेकवून चालू लागते. निदान मात्र एका तपासणीवर करता येत नाही, कारण दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरही बरीच चढते. अशा वेळी फ्रुक्टोसामाइनची तपासणी उपयोगी पडते. तिच्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांतील साखरेची सरासरी पातळी समजते.

रोज दोन इंजेक्शने द्यायची, या विचारानेच अनेक जण माघार घेतात आणि अशा मांजरांना घर मिळणे अवघड होते. प्रत्यक्षात हा आजार नीट शिकून घेतल्यास घरी सांभाळता येण्यासारखा आहे. मांजर घरी आणण्यापूर्वी त्याचे कागद पाहावेत. निदान कधी झाले, कोणते इन्सुलिन किती युनिट चालू आहे, खाणे कोणते आहे आणि साखर कधी फार उतरली होती का, हे विचारून घ्यावे. दात, मूत्रपिंडे आणि मूत्रमार्ग यांची तपासणीही करून घ्यावी. सुजलेल्या हिरड्या किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. नव्या घराच्या ताणाने साखर चढू शकते, तशी भूकही मंदावू शकते. त्यामुळे पहिल्या दिवसांत जुनेच इन्सुलिन आणि जुनेच खाणे चालू ठेवावे. बदल नंतर, पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि एका वेळी एकच करावा.

मांजरांसाठी ग्लार्जिन किंवा प्रोटामाइन झिंक ही दीर्घकाळ काम करणारी इन्सुलिने सर्रास वापरतात. ती साधारण दर 12 तासांनी द्यावी लागतात. सुरुवातीचा डोस बहुधा एका वेळी 1 ते 2 युनिट इतकाच असतो. मात्रा इतकी लहान असल्याने अर्ध्या युनिटची चूकही महागात पडते. भारतात आणखी एक काळजी घ्यावी लागते. येथे 40 आणि 100 युनिट प्रतिमिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतेची इन्सुलिने आणि त्यांच्या वेगवेगळ्या सिरिंजा मिळतात. 40 च्या सिरिंजला सहसा लाल टोपण असते आणि 100 च्या सिरिंजला नारिंगी. ग्लार्जिनची तीव्रता सहसा 100 असते. ते 40 च्या सिरिंजमध्ये भरले तर मांजराच्या अंगात अडीचपट डोस जातो. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी पाहायलाच हवे.

इंजेक्शन कातडीखाली, पाठीच्या बाजूला किंवा कुशीत देतात. कातडी चिमटीत उचलून बारीक सुई टोचली की बरीच मांजरे खाता खाता इंजेक्शन घेतात. जागा बदलत राहावी. डोस नीट गेला की नाही अशी शंका आली तरी तो पुन्हा देऊ नये. एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट करू नये. मांजर जेवले नाही किंवा उलटी झाली, तर इंजेक्शनपूर्वी पशुवैद्याला विचारावे. बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवावी आणि गोठू देऊ नये.

मांजर मूलतः मांसाहारी आहे. पिष्टमय पदार्थांतून येणारी साखर झटपट हाताळण्याची त्याच्या यकृताची क्षमता मर्यादित असते. म्हणून भरपूर प्रथिने आणि कमी कर्बोदके असलेले ओले खाद्य उपयुक्त ठरते. दूध-भात किंवा दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराच्या बाबतीत हा बदल फार महत्त्वाचा आहे. मात्र कर्बोदके घटली की इन्सुलिनची गरजही घटते. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

साखर घरी मोजता येते. कानाच्या कडेला टोचून मिळणारा रक्ताचा थेंब त्यासाठी पुरतो. माणसांचे ग्लुकोमीटर मांजरांमध्ये सहसा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, कारण मांजरांच्या रक्तातील जवळजवळ सगळी साखर तांबड्या पेशींत नसून प्लाझ्मात असते. प्राण्यांसाठीचे मीटर अधिक अचूक असतात. दर दोन तासांनी 12 तास मोजले की साखरेचा आलेख मिळतो. त्यातील सर्वांत खालचा बिंदू पाहून पशुवैद्य डोस ठरवतात.

साखर सुमारे 60 च्या खाली गेली की मांजर सुस्त होते, झोकांड्या खाते आणि त्याला झटकेही येऊ शकतात. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच खायला द्यावे. नाहीतर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून दवाखाना गाठावा. झटके येत असताना तोंडात काहीही ओतू नये. उलट, इन्सुलिन फार कमी पडले तर शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन साचतात. खाणे सोडणे, उलट्या आणि मरगळ ही त्याची लक्षणे असून ही स्थितीही तातडीची असते.

अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट 2023 मध्ये वेलाग्लिफ्लोझिन या तोंडाने द्यायच्या औषधांना मान्यता मिळाली. ती जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. पण ही मान्यता पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांपुरती आहे. इन्सुलिनवर असलेल्या दत्तक मांजराचा आधार मुख्यतः इन्सुलिनच राहतो.

या आजारातील सर्वांत दिलासादायक गोष्ट म्हणजे अनेक मांजरांचे इन्सुलिन पुढे बंद करता येते. साखर काटेकोर ताब्यात आली की बीटा पेशींवरील ताण उतरतो आणि उरलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरी साखर मोजून ग्लार्जिन दिलेल्या 55 मांजरांची पाहणी झाली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा उपचार सुरू झालेल्यांपैकी 84 टक्के मांजरांचे इन्सुलिन सुटले. उशिरा सुरुवात झालेल्यांमध्ये हे प्रमाण 35 टक्के होते. इन्सुलिन सुटले तरी वजन, आहार आणि अधूनमधून साखरेची तपासणी यांकडे लक्ष द्यावेच लागते, कारण आजार परतू शकतो. इन्सुलिन कायम राहिले तरीही, नियमित उपचार मिळालेले मांजर अनेक वर्षे चांगले जगू शकते. त्याला हवे असते ते ठरलेल्या वेळा पाळणारे घर, आणि बाहेरगावी जाताना इंजेक्शन देऊ शकेल असे घरातले किंवा शेजारचे आणखी एक माणूस.