विश्लेषण : मुंबई जिंकलेल्या हाशिम खान यांना ब्रिटिश ओपन गाठायला सात वर्षे का लागली?

लॉस एंजेलिस येथे २०२८ मध्ये स्क्वॉश प्रथमच ऑलिम्पिकमध्ये खेळले जाणार आहे. या खेळावर दीर्घकाळ राज्य करणाऱ्या पेशावरच्या खान घराण्याच्या यशाची सुरुवात मात्र मुंबईत झाली होती.

हाशिम खान कोण होते?

पेशावरजवळचे नवाकिली हे त्यांचे गाव. वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये नोकरीला होते. लहानगे हाशिम तेथे कोर्टाबाहेर गेलेले चेंडू आणून देत आणि कोर्ट रिकामे झाले की अनवाणी खेळत. १९४२ मध्ये ते हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना स्क्वॉश शिकवू लागले.

तेव्हा ‘व्यावसायिक’ म्हणजे काय?

आज व्यावसायिक खेळाडू म्हटले की बक्षिसाची रक्कम आणि प्रायोजक आठवतात. त्या काळी साहेबांना खेळ शिकवून पगार घेणारा तो व्यावसायिक. तुटपुंज्या कमाईत परदेशवारीचा खर्च झेपणारा नव्हता.

मुंबईत काय घडले?

१९४४ मध्ये मुंबईत झालेली पहिली अखिल भारतीय स्पर्धा हाशिम यांनी जिंकली आणि पुढील दोन वर्षे विजेतेपद राखले. मुंबईतील स्पर्धांत त्यांनी नातेवाईक अब्दुल बारी यांनाही हरवले होते. फाळणीनंतर बारी भारतातच राहिले, हाशिम पाकिस्तानचे झाले.

कलाटणी कशी मिळाली?

१९५० मध्ये बारी यांनी भारताच्या पाठबळावर ब्रिटिश ओपनची अंतिम फेरी गाठली. तेथे इजिप्तच्या महमूद करीम यांनी त्यांना हरवले. पण बारी तिथवर पोहोचतात, तर त्यांना हरवणारा का नाही? हाशिम यांनी पाठपुरावा केला आणि पाकिस्तानच्या हवाई दलाने खर्च उचलला. १९५१ च्या अंतिम सामन्यात त्यांनी सलग चार वर्षांचे विजेते करीम यांना ९-५, ९-०, ९-० असे नमवले. तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती.

पुढे काय झाले?

१९५८ पर्यंत त्यांनी सात विजेतेपदे मिळवली. १९५१ ते १९६३ या काळात ब्रिटिश ओपनचा करंडक खान घराण्याबाहेर गेला नाही. नंतर ते अमेरिकेत स्थायिक होऊन प्रशिक्षण देत राहिले. २०१४ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांचा सात विजेतेपदांचा विक्रम १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेफ हंट यांनी मोडला. उमेदीच्या वर्षांत प्रवासखर्चाची सोय झाली असती, तर हा आकडा आणखी मोठा असता का, हा प्रश्न मात्र उरतोच.